ससा की रातवा? माळावर रात्री फिरताना या चुका टाळा

सुपे, नान्नज अशा माळरानाच्या पट्ट्यात रात्री गाडीने जाताना पुढे रस्त्यावर डोळे चमकले की गाडीतला एक तरी जण ओरडतोच, ससा ससा! असेलही ससा, पण कितीतरी वेळा तो रातवा, म्हणजे नाइटजार हा रात्री फिरणारा पक्षी, निघतो, आणि हा घोळ होतो कारण आपण नुसत्या डोळ्यांच्या रंगावरून ठरवून मोकळे होतो. लाइटचा अँगल बदलला की रंगही वेगळा वाटतो, त्यामुळे उंची बघा. रातवा जमिनीला पार चिकटून बसतो, रस्त्यावर निखारा पडलाय असंच वाटतं. सशाचे डोळे बरेच वर असतात आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणून तो आडवा असला की एकच दिसतो.

पुढची चूक म्हणजे गाडी तशीच दामटणं, "येईल की उठून" म्हणत. रातवा अगदी शेवटच्या क्षणापर्यंत उठत नाही आणि चाकाखाली जातो, तर ससा लाइटमध्ये गडबडून गाडीपुढेच नागमोडी पळत राहतो. स्पीड कमी करा, अप्परवरून डिपरवर या, मग ससा बाजूला झुडपात घुसतो आणि रातवा आवाज न करता उडून थोडं पुढे जाऊन परत बसतो. उडताना पंखावर पांढरा ठिपका दिसला तर विषयच संपला.

रातव्याला घुबड म्हणणारेही आहेत, पण तो घुबड नाही. तो हवेतल्या हवेत किडे, पतंग पकडतो, पाय तर एवढुसे.

खरं नुकसान होतं ते दिवसा. गवतात सशाचं पिल्लू एकटं दिसलं की लोक "आई सोडून गेली" म्हणून उचलून घरी आणतात आणि गाईचं दूध पाजतात, प्लीज हे करू नका. आपला रानससा बीळ करत नाही, पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात, आई मुद्दाम लांब राहते आणि अंधार पडल्यावर येऊन पाजते. जखमी असेल तरच वनविभागाच्या 1926 ला फोन करा. रातव्याचं तर घरटंच नसतं, अंडी, बहुतेक वेळा दोन, उघड्या जमिनीवर, म्हणून पायाशी पक्षी उठला की फोटोसाठी शोधत बसायचं नाही, आलात त्याच वाटेने मागे फिरा. आणि त्याचा चक-चक-चक-चर्रर मोबाइलवर वाजवून त्याला बोलवायचं पण बंद करा, विणीच्या दिवसांत उगाच अंडी सोडून येतो तो.