देव आहे की नाही यावरचं आर्ग्युमेंट वाचायचं कसं

देवाच्या अस्तित्वावरचा अ‍ॅनालिटिक फिलॉसॉफीतला (म्हणजे तर्काची एकेक पायरी काटेकोरपणे मांडणाऱ्या तत्त्वज्ञानातला) पेपर हातात आला की बहुतेक लोक थेट शेवटचं पान बघतात, निष्कर्ष मनासारखा असेल तर वा वा, नसेल तर घोळ असणारच म्हणून बंद. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. असं वाचून हाती काहीच लागत नाही, कारण निष्कर्ष काय तेच दोन, खरी भानगड मधल्या पायऱ्यांत असते.

म्हणून आधी पेन घ्या आणि आर्ग्युमेंट नंबर घालून स्वतःच्या शब्दांत लिहा. देव आहे असं म्हणणाऱ्या आल्विन प्लँटिंगा या तत्त्वज्ञाचं १९७४ चं मोडल आर्ग्युमेंट (मोडल म्हणजे काय शक्य, काय अनिवार्य यावर चालणारं) बघा, साधारण असं उतरतं:

१. सर्वश्रेष्ठ असं काही असणं शक्य आहे.
२. सर्वश्रेष्ठ म्हणजे जे प्रत्येक शक्य जगात असतं, आणि तिथे सर्वज्ञ, सर्वशक्तिमान, पूर्ण चांगलं असतं.
३. म्हणून ते आपल्या जगातही आहे.

(शक्य जग म्हणजे दुसरा ग्रह नाही हं, सगळं कसं कसं असू शकलं असतं त्याचा एक पूर्ण नकाशा समजा. डेव्हिड लुईस हा तत्त्वज्ञ मात्र ती जगं खरोखरची आहेत असं म्हणायचा, पण त्याच्या मागे फार कोणी गेलं नाही.)

आता वरच्या ओळी खऱ्या धरल्या तर खालची येतेच का ते तपासा. इथे येते. एस-फाइव्ह नावाच्या, शक्य-अनिवार्य यांचे नियम सांगणाऱ्या लॉजिकमध्ये जे अनिवार्य (म्हणजे प्रत्येक शक्य जगात खरं) असणं शक्य आहे ते अनिवार्य असतंच, त्यामुळे 'लॉजिकच गंडलंय' म्हणून सुटता येत नाही, एस-फाइव्हच नाकारायचं असेल तर गोष्ट वेगळी.

मग उरली पहिली ओळ, जी वाचताना आपण मान डोलावून पुढे जातो. इथेच थांबा. 'शक्य' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो, एक म्हणजे 'मला काय माहीत, असेलही', आणि दुसरा म्हणजे खरोखर तसं असू शकतं. गोल्डबाखचं अनुमान घ्या, २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते म्हणे, अजून सिद्ध झालेलं नाही. खरं असेलही, खोटं असेलही असं आपण म्हणतो, पण गणित असल्यामुळे जे काय आहे ते अनिवार्यच आहे, म्हणजे या दोनपैकी एक गोष्ट मुळातच अशक्य आहे, फक्त कुठली ते आपल्याला कळत नाही. प्लँटिंगाला दुसरा अर्थ लागतो, आणि आपण होकार देतो पहिल्या अर्थाला.

यानंतर ओळ उलटी करून बघा. 'असं काही नसणं शक्य आहे.' ऐकायला ही पण तितकीच साधी, पण हिच्यातून निघतं की ते कुठल्याच जगात नाही! दोन्ही ओळी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. प्लँटिंगाने स्वतःच मान्य केलंय की यातून देव सिद्ध होत नाही, देव आहे असं मानणं अविवेकी नाही एवढंच दिसतं. नास्तिक मंडळींनाही किंमत मोजावी लागते बरं का, कारण पहिली ओळ नाकारायची तर 'नाही' म्हणून भागत नाही, 'अशक्य आहे' म्हणावं लागतं.

हीच पद्धत विल्यम रो या तत्त्वज्ञाच्या, जगातल्या दुःखावरून देव नाही असं म्हणणाऱ्या १९७९ च्या पेपरला लावा, जंगलातल्या वणव्यात भाजलेलं हरणाचं पाडस अनेक दिवस तडफडून मरतं, ते उदाहरण त्यातलंच. इथे जपून बघायची उडी म्हणजे 'या दुःखामागे कारण दिसत नाही' वरून 'कारण नाहीच'. यावर स्टीफन विक्स्ट्रा या तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये विचारलं, कारण असतं तर आपल्याला दिसलं असतं का? खोलीत हत्ती नाही हे दारातून सांगता येतं, सुई नाही हे नाही सांगता येत. मला हे उत्तर हुशार वाटतं पण महाग पण, कारण देवाची कारणं आपल्याला दिसतच नसतील तर वणव्यातल्या पाडसाला वाचवावं की नाही हे तरी कशावरून ठरवायचं?

शेवटी त्या पेपरला आलेलं एखादं उत्तर शोधा आणि ते तुमच्या कुठल्या नंबरच्या ओळीवर तुटून पडतंय ते समासात लिहा. कुठल्याच ओळीवर पडत नसेल तर बहुतेक तुमचीच एखादी ओळ लिहायची राहिलीये.