थकवा उन्हाचा की थायरॉइडचा?

हाशिमोटो हा आजार चोरपावलांनी येतो. १९१२ मध्ये हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. प्रतिकारशक्ती आपल्याच गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवर उलटते, ग्रंथी हळूहळू निकामी होते. तोवर थकव्याचं खापर उन्हावर, नाहीतर रक्त कमी असण्यावर फोडून झालेलं असतं. बायकांमध्ये हा आजार बराच जास्त. घरात कुणाला थायरॉइड असेल किंवा बाळंतपणाला वर्ष झालं नसेल, तर अधिक लक्ष द्या.

सुटं लक्षण काहीच सांगत नाही. मागच्या वर्षीच्या स्वतःशी ताडून पाहा. खाणं तेच, तरी दोन-चार किलो वजन वाढलं, शौचाला खडा होतो, पाळीत अंगावरून जास्त जातं, आवाज घोगरा, सकाळी पापण्या सुजलेल्या, कातडी खरखरीत. थंडी सोसत नाही, हे पुस्तकातलं लक्षण परभणीच्या मे महिन्यात कुठून दिसणार? तिथे असं पाहा: घरचे घामाने निथळत असताना तुम्हालाच पंखा नकोसा होतो का? काहींना मात्र सुरुवातीचे काही आठवडे उलटंच होतं, धडधड आणि हाताला कंप. डोळे बटबटीत दिसू लागले तर ग्रेव्हज या दुसऱ्या आजाराची (यात थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करतो) शंका घ्यावी.

ग्रंथी सुजली आहे का, हे कळायला गळा असा तपासा. उजेडात आरशासमोर मान किंचित मागे करून पाण्याचा घोट गिळा. कंठमणी सगळ्यांचाच हलतो, इथेच लोक फसतात. नजर त्याच्या खाली, गळ्याच्या खळगीच्या वर ठेवा. तिथे फुगवटा वर सरकतो का? नाही दिसला, तरी आजार नाही असं ठरत नाही.

रक्तात टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक), फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडवर उलटलेली प्रतिपिंडं) तपासा. सोबत हिमोग्लोबिनही, कारण पाळी जास्त जाऊन दोन्ही दुखणी एकत्र असू शकतात. टीएसएच साधारण ०.४ ते ४ असावं. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल, तर ते किमान दोन दिवस आधी बंद करा, आकडे चुकतात. अँटी-टीपीओ वाढलेलं पण टीएसएच ठीक असेल, तर सहसा थायरॉइडची गोळी लागत नाही, वर्षाला टीएसएच पुरे. अँटी-टीपीओ पुन्हापुन्हा करणं म्हणजे पैसे पाण्यात. दिवस गेले असतील, तर मात्र लगेच डॉक्टरांना सांगा.

गोळी सुरू झालीच, तर ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहाआधी अर्धा ते एक तास. लोहाची गोळी चार तासांनी. टीएसएच पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी.