हिरांचा चौकोन ढकलून बघा

मुलं चौरस आणि समभुज चौकोनात गोंधळतात, कारण पुस्तकातलं चित्र हलत नाही. आपल्याकडे कोकणात घरोघरी माडाच्या झापाची केरसुणी असते. तिचे चार जाडसर हीर, म्हणजे ताठ काड्या, काढा (आजीला विचारून!). टोकं एकमेकांवर ठेवून दोऱ्याने बांधा, गाठ ते गाठ अंतर बरोबर १२ सेंमी. गाठी फार आवळू नका, कोपरे फिरले पाहिजेत.

आता कोपरे काटकोनात ठेवून दोन्ही कर्ण मोजायला सांगा. दोन्ही साधारण १७ सेंमी भरतील. मग एक कोपरा अलगद ढकला. बाजू त्याच, पण चौरस कलंडून समभुज चौकोन झाला. एक कर्ण लांबला, दुसरा आखडला. तरीही ते एकमेकांना काटकोनातच छेदतात आणि दुभागतात. चारही कोनांची बेरीज ३६० अंशच. हे मुलांनी स्वतः कोनमापकाने मोजावं, आपण आधी सांगू नये.

दोन हीर १५ सेंमीचे आणि दोन १० सेंमीचे घेतले, की आयत आणि समांतरभुज चौकोनाचाही असाच खेळ होतो.

शेवटी तीनच हीर बांधा. गाठी सैल असल्या तरी त्रिकोण ढिम्म हलत नाही. तीन बाजू ठरल्या की कोनही ठरतात. मग मुलांना पडवीतून वर, कौलांखालच्या लाकडी कैचीकडे, म्हणजे छपराच्या सांगाड्याकडे, बघायला लावा. तिथे त्रिकोण का, ते त्यांनाच सांगू दे.