व्हिज्युअल टूल उघडायच्या आधी एवढं करून ठेवा

सीएसएस (वेबपानाचं रूप आणि मांडणी ठरवणारी भाषा) लेआउट व्हिज्युअल टूलमध्ये, म्हणजे बॉक्स ओढून पान बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, करायचा म्हटलं की आपण लगेच टूल उघडून बॉक्स ओढायला लागतो, आणि निम्मं काम तिथेच बिघडतं. म्हणून ड्रीमवीव्हर असो, वेबफ्लो असो की पाइनग्रो, आधी कागद-पेन्सिल घ्या आणि पानाचे चौकोन काढा, दोनदा काढा, एकदा मोबाइलसाठी आणि एकदा लॅपटॉपसाठी. मोबाइलवर साइडबार मजकुराच्या वर येणार की खाली हे इथेच ठरवून टाका, कारण एचटीएमएलमधला, म्हणजे पानाच्या मूळ कोडमधला, क्रम त्यावरून लागतो. तो क्रम सीएसएसने नुसता दिसायला बदलता येतो हो, पण स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि टॅबचं बटण मूळ क्रमानेच जातात.

मग मजकूर गोळा करा, खराच. लोरेम इप्सम, म्हणजे जागा भरायचा खोटा मजकूर, टाकून कार्ड छान दिसतात, आणि खरं शीर्षक तीन ओळींचं निघालं की सगळी रांग वाकडी होते. देवनागरी मजकूर असेल तर लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षरांच्या आकाराच्या पटीत) १.६ च्या आसपास धरा, १.२ ला खालचे उकार आणि पुढच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात.

फोटो आधीच छोटे करून एका फोल्डरमध्ये ठेवा, नावं सगळी इंग्रजी स्मॉल अक्षरांत आणि मधे स्पेस नको. बऱ्याच सर्व्हरवर कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं धरतात, त्यामुळे आपल्या मशीनवर दिसणारा फोटो तिथे गायब होतो.

क्लासची नावंही, म्हणजे सीएसएस लावण्यासाठी बॉक्सना द्यायची नावं, आधीच लिहून काढा, नाहीतर टूल आपल्या मनाने डिव्ह-ब्लॉक-१७ असलं काहीतरी देतं आणि महिन्याभराने तुम्हालाच कळत नाही तो कुठला डिव्ह (कोडमधला बॉक्स).

आता सगळ्यात महत्त्वाचं, बॉक्स-सायझिंग, म्हणजे बॉक्सची रुंदी कशी मोजायची तो सीएसएसचा नियम. समजा ९६० पिक्सेलच्या कंटेनरमध्ये ३२० चे तीन कॉलम टाकले, हिशोब बरोबर. मग प्रत्येकाला डावी-उजवीकडे २० पॅडिंग (कडेपासून मजकुरापर्यंतची आतली मोकळी जागा) दिलं की मूळ नियमाने एकेक कॉलम ३६० चा होतो, एकूण १०८०, आणि फ्लोट (बॉक्स एका बाजूला सरकवायची जुनी पद्धत) किंवा रॅप (न मावलेला बॉक्स पुढच्या ओळीत जाणं) असेल तर तिसरा कॉलम खाली पडतो. लोक टूलला शिव्या घालतात, चूक टूलची नसते. सगळ्या एलिमेंटना बॉक्स-सायझिंगची बॉर्डर-बॉक्स ही किंमत लावा म्हणजे पॅडिंग ३२० च्या आतच बसतं. बॉडीला, म्हणजे अख्ख्या पानाला, ब्राउझर स्वतःचं ८ पिक्सेल मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) देतो, तेही शून्य करून घ्या.

कुठे फ्लेक्स आणि कुठे ग्रिड (सीएसएसमधल्या मांडणीच्या दोन पद्धती) ते स्केचवरच लिहा, एकाच दिशेची रांग असेल तर फ्लेक्स, आडवं-उभं दोन्ही जुळवायचं असेल तर ग्रिड. ग्रिड २०१७ पासून मोठ्या ब्राउझरमध्ये आहे, लेआउटसाठी फ्लोटची कसरत आता नको. आणि ज्या टूलमध्ये बॉक्स ओढून अगदी कुठेही ठेवता येतो तिथे आत बहुतेक पोझिशन ॲब्सोल्यूट, म्हणजे बाकीच्यांशी संबंध न ठेवता एका जागी खिळवलेला बॉक्स, लागलेलं असतं, ते एकदा कोडमध्ये बघाच. माझ्या एका पानावर असंच झालं होतं, मोबाइलवर शीर्षकाची एक ओळ वाढली आणि ती थेट फॉर्मच्या बटणावर जाऊन बसली, बटण दाबताच येईना.

व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान फोनच्या रुंदीत दाखव असं सांगणारी कोडमधली ओळ) आहे ना ते बघा, नाहीतर फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरून बारीक करून दाखवतो. टूलच्या प्रिव्ह्यूवर न राहता शेजारी खरा ब्राउझर उघडून रुंदी ३२० वर आणून ठेवा, आडवा स्क्रोल आला की तिथल्या तिथे कुठला बॉक्स बाहेर गेलाय ते शोधा, बहुतेक वेळा पिक्सेलमध्ये रुंदी बांधलेला फोटो नाहीतर टेबल निघतं.