खताच्या डब्याला वास येतो? प्रमाण तपासा

ओल्या कचऱ्याचं खत करायला हौसेनं डबा आणला जातो. दोन-तीन आठवड्यांत वास सुटतो, अळ्या वळवळतात, घरातलं कुणीतरी नाक मुरडतं आणि डबा गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन पडतो. दोष सहसा डब्याचा नसतो, आत काय किती गेलं याचा असतो. कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांचं कंपोस्टवरचं, म्हणजे कुजवून केलेल्या खतावरचं, इंदूरमधलं संशोधन १९३१ मध्ये पुस्तकरूपानं आलं. तेव्हापासून कंपोस्टचं शास्त्र कार्बन, नायट्रोजन, पाणी आणि हवा या चौघांभोवतीच फिरतं आहे. शेतातल्या ढिगाला लागू पडणारा हा हिशेब बाल्कनीतल्या डब्यालाही चालतो.

१. आधी आठवडाभर वजन करा

साधा वजनकाटा पुरे. रोजचा ओला कचरा तोला आणि कॅलेंडरवरच आकडा लिहा. आंब्याच्या दिवसांत किंवा सणावाराला तो वाढणार, हे धरून डब्याचा आकार ठरवा. औषधं, सेल, डायपर, सॅनिटरी पॅड यांतलं काहीही या डब्यात जाता कामा नये.

२. सुका माल साठवा

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथं. जिवाणूंना नायट्रोजनच्या साधारण २५ ते ३० पट कार्बन लागतो. भाजीचे देठ, सालं, चहाचा चोथा यांत तो १५ ते २० पटच असतो. वाळक्या पानांत मात्र ५०-६० पट किंवा त्याहूनही जास्त.

आता गणित करू. १ किलो ओल्या कचऱ्यात सुमारे ८०० ग्रॅम पाणीच असतं. उरलेल्या २०० ग्रॅममध्ये कार्बन साधारण ९० ग्रॅम आणि नायट्रोजन ५-६ ग्रॅम. हे प्रमाण २७ च्या आसपास न्यायला अंदाजे २५० ग्रॅम वाळकी पानं लागतात. म्हणजे वजनानं एक चतुर्थांश. पानं हलकी असल्यामुळे मापानं पाहिलं तर एक वाटी कचऱ्याला वाटी-सव्वा वाटी चुरलेली पानं. बहुतेक जण वर चिमूटभर भुरभुरवतात आणि मग वासाबद्दल तक्रार करतात!

पानगळ फाल्गुन-चैत्रात होते, तर पानांची खरी गरज पावसाळ्यात पडते. त्यामुळे सोसायटीचा झाडूवाला पानं गोळा करतो तेव्हाच दोन-तीन पोती मागून ठेवा. पानं मिळाली नाहीत तर कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) चालतं. लाकडाचा भुसाही चालतो, पण त्यात कार्बन फार जास्त असल्यामुळे तो बेतानं घाला.

३. डबा भरा

डब्याला तळाशी आणि बाजूंना भोकं पाडा, खाली ताट ठेवा. तळाला पानांचा जाड थर द्या. रोजचा कचरा दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून घाला. तुकडा लहान तितका जिवाणूंना पृष्ठभाग जास्त. पण मिक्सरमधून काढू नका, लगदा झाला की हवा कोंडते. त्यावर मोजून पानं, आणि सुरुवातीला मूठभर जुनं खत किंवा बागेतली माती. विकतची कल्चर पावडर घ्यायलाच हवी असं नाही, कुजवणारे जिवाणू सालांवर आणि मातीत असतातच. आठवड्यातून दोनदा तळापर्यंत ढवळा.

४. मुठीत दाबून पाहा

ओल ५० ते ६० टक्के हवी. मोजायला यंत्र नको: मूठभर माल घट्ट दाबा. एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर पानं वाढवा, हात कोरडाच राहिला तर पाणी शिंपडा.

५. वासावरून निदान

डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे नायट्रोजन जास्त, पानं घाला. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत प्राणवायू संपला. ढवळा आणि पानंही घाला. करड्या-तपकिरी, जाडसर अळ्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात. त्या कचरा झपाट्यानं खातात आणि त्यांची माशी घरमाशीसारखी अन्नावर घोंघावत नाही, तेव्हा त्यांना मारू नका. त्या नकोशाच वाटत असतील तर वरचा पानांचा थर जाड ठेवा.

मोठा ढीग ५५ अंशांच्या वर तापतो आणि त्यातले रोगजंतू मरतात. वीस-तीस लिटरच्या डब्याकडून तशी हमी धरू नका. म्हणून कुत्र्या-मांजराची विष्ठा त्यात टाकू नये. गांडुळं सोडायची असतील तर आधी उन्हाळ्याचा विचार करा. घरगुती खतासाठी वापरतात त्या जातीला २५ अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं, ३५ च्या पुढे ती तग धरत नाहीत. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात उघड्या गच्चीवर हा प्रयोग करू नये.

६. खत झालं का, हे मेथीला विचारा

दोन-तीन महिन्यांत माल काळसर, भुसभुशीत होतो, मातीसारखा वास येतो. तरी खात्री करा. ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर अजून कच्चं आहे. दुसरी चाचणी प्रयोगशाळांतल्या उगवण निर्देशांकावर बेतलेली. एक भाग खत दहा भाग पाण्यात ढवळून गाळा. एका बशीत ओल्या फडक्यावर साध्या पाण्यात मेथीचे २० दाणे, दुसऱ्या बशीत खताच्या पाण्यात २०. तीन-चार दिवसांनी उगवलेले दाणे मोजा आणि मुळांची लांबी पट्टीनं मापा. खताच्या बशीतली उगवण साध्या बशीच्या किती पट, तसंच मुळांची सरासरी लांबी किती पट, हे काढून दोन्हींचा गुणाकार करा. तो ०.८ किंवा जास्त आला तर खत कुंडीत घालायला हरकत नाही. कमी आला तर आणखी दोन-तीन आठवडे डब्यातच राहू द्या.