पाण्यावर विमान उतरवताय? या चुका टाळा

डिसेंबर 2017 मध्ये गिरगाव चौपाटीला सीप्लेनची चाचणी झाली, तेव्हापासून आपल्याकडे या विमानांचं कुतूहल आहे. त्याबरोबर एक गैरसमजही आहे: पाणी मऊ, म्हणजे उतरणं सोपं. ताशी शंभर किलोमीटरने आदळलं की पाणी फरशीसारखं लागतं.

पाणी आणि धावपट्टी दोन्हीवर उतरणाऱ्या विमानांत सगळ्यात महागात पडते ती चाकांची चूक. चाकं बाहेर ठेवून पाण्यात उतरलात तर ती पाण्यात रुततात, नाक खाली जातं आणि विमान कोलांटी मारून उलटं होतं. माणसं पट्ट्यांत लटकलेली, डोकी पाण्याखाली. याउलट चाकं आत ठेवून धावपट्टीवर टेकलात तर तळ खरवडतो, खिसा हलका होतो, जीव बहुधा वाचतो. हे घडतं बहुतेक सवयीमुळे. धावपट्टीवरून उडाल्यावर चाकं आत घ्यायची राहून जातात आणि दहा मिनिटांवरचं तळं लगेच समोर येतं. बऱ्याच फ्लोटवाल्या (पाण्यावर तरंगवणारे पोकळ तराफे खाली लावलेल्या) विमानांत चाकं वर असली की निळा दिवा लागतो, खाली असली की हिरवा. पण नुसत्या दिव्यावर विसंबू नका. "पाण्यावर उतरतोय, चाकं वर आहेत" असं मोठ्याने म्हणा आणि चाकं दिसावीत म्हणून बाहेर लावलेल्या आरशात बघून खात्री करा. शेजारच्याला वेडे वाटलात तरी चालेल.

दुसरा सापळा निवांत पाण्याचा. वारा पडलेला, तळं आरशासारखं. नवख्याला वाटतं, आज मजा आहे. पण पाण्यात आकाशच दिसत असल्याने उंची कळत नाही. कुणी वीस फुटांवरच नाक उचलून विमान आपटतो, कुणी थेट पाण्यात घुसतो. अशा वेळी काठाजवळून, काठाला समांतर या. इंजिनाची थोडी ताकद राहू द्या, नाक हलवू नका, मिनिटाला 150 फुटांपेक्षा जास्त वेगाने खाली येऊ नका. पन्नास फुटांवरून टेकायला 20 सेकंद लागतात, तेवढ्यात अर्धा किलोमीटर सरतो. जागा आधीच बघा.

धरणावर उतरणार असाल तर एक फेरी मारून बुंधे आणि जाळी शोधा. टेकल्यावर विमान उड्या मारू लागलं तर स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करायचा दांडा, पुढे-मागे करत बसू नका. थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा खटका) बंद, स्टिक मागे.

आणि प्रवाशांना नीट सांगा: लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवायचं. उलट्या केबिनमध्ये फुगलेलं जॅकेट माणसाला विमानाच्या आता वर आलेल्या तळाशी दाबून धरतं. आधी एका हाताने दाराची कडी पकडायची, मग दुसऱ्याने पट्टा सोडायचा.