सिनेमातला पदार्थ घरी कसा करावा

सिनेमात चिरलेला कांदा तेलात पडतो आणि पुढच्याच क्षणी तो मऊ, गुलाबी झालेला दिसतो. मधली आठ-दहा मिनिटं संकलनात कापली गेलेली असतात. पडद्यावरचा पदार्थ घरी फसतो तो बहुतेक वेळा इथेच. साहित्य बरोबर असतं, मांडणीही जुळते, पण पदार्थाला लागणारा वेळ आपण देत नाही, कारण तो आपल्याला दिसलेलाच नसतो. म्हणून पुढचे चार पदार्थ मी कापलेल्या वेळाच्या हिशेबाने लावले आहेत. ज्यात जवळजवळ काहीच कापलेलं नाही तो आधी, आणि ज्यात अडीच तास गायब आहेत तो शेवटी.

पायरी १: प्रसंग निवडा

पदार्थ किती देखणा आहे हे नंतर पाहा. तो शिजताना दाखवलाय का, हे आधी पाहा. नुसतं सजवलेलं ताट दिसत असेल तर तो प्रसंग पहिल्या प्रयत्नासाठी घेऊ नका. चित्रीकरणाच्या दिव्यांखाली वितळू नये म्हणून आइस्क्रीमच्या जागी कुस्करलेला बटाटा ठेवणं किंवा गार पेल्यावर ग्लिसरिनचे थेंब उडवणं, या जुन्या आणि सर्रास वापरल्या गेलेल्या युक्त्या आहेत. तसलं ताट हुबेहूब जमलं तरी तोंडात घालण्यासारखं काही हाती लागत नाही.

पायरी २: प्रसंग तीनदा पाहा

पहिल्यांदा नेहमीसारखा पाहा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त हात पाहा. सुरी कुठे धरली आहे, भांडं तळहाताच्या मानाने केवढं आहे, आच किती आहे. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐका. ही तिसरी खेप लोक टाळतात आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. ‘शेफ’ (२०१४) या चित्रपटात बाप मुलासाठी चीज सँडविच भाजतो. ते कापतानाचा कुरकुरीत आवाज ऐकला की पाव मंद आचेवर, भरपूर लोण्यात आणि सावकाश भाजलाय हे कळतं. मोठ्या आचेवर पाव करपतो आणि आतलं चीज घट्टच राहतं.

मग कागद घ्या. दृश्य जिथे-जिथे तुटतं, तिथे आधी आणि नंतर काय बदललं ते लिहा: रंग, आकार, ओलावा. त्याच पदार्थाच्या एखाद्या साध्या, भरवशाच्या पाककृतीत त्या बदलाला किती मिनिटं दिली आहेत ते शेजारी मांडा. तुमची खरी पाककृती म्हणजे हा कागद.

पायरी ३: ऑम्लेट, जसंच्या तसं

‘बिग नाइट’ (१९९६) पाहिलेल्या प्रत्येकाला टिंपानो करायचा असतो, तो आत पास्ता भरलेला घुमटासारखा भव्य पदार्थ. माझं म्हणणं, तो राहू द्या. चित्रपटाच्या शेवटी मोठी मेजवानी आणि भावाभावांचं कडाक्याचं भांडण उरकल्यावर, पहाटे धाकटा भाऊ सेकोंदो स्वयंपाकघरात येऊन अंडी फोडतो. जवळजवळ एकही शब्द नाही आणि कॅमेरा बराच वेळ तोडलेला नाही. स्वयंपाकाला लागतो तेवढाच वेळ इथे पडद्यावर जातो. शिकायला याहून चांगला प्रसंग मला माहीत नाही.

तिघांसाठी सहा अंडी, पाव चमचा मीठ, दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल आणि साधारण २४ सेंटिमीटरचा तवा घ्या. अंडी पिवळा-पांढरा भाग एकजीव होईपर्यंतच फेटा, फेस नको. मध्यम आचेवर तेल तापू द्या. अंड्याचा थेंब टाकल्यावर तो लगेच चुरचुरला पाहिजे. मिश्रण ओतलं की कडा आत ओढत राहा, म्हणजे वरचं पातळ अंडं खाली जाऊन धरतं. तीनेक मिनिटांत तळ घट्ट होतो. मग उलटा, किंवा झाकण ठेवून मिनिटभर थांबा. तिथल्यासारखेच वाटे करा आणि पावाबरोबर खा. वर काहीही घालू नका.

पायरी ४: आठ मिनिटांचे नूडल्स

‘पॅरासाइट’मध्ये (२०१९) मालकीण गाडीतून फोन करून जपागुरी करायला सांगते आणि आठ मिनिटांत घरी पोचतोय असं म्हणते. वेळ पात्रानेच सांगून टाकलाय. जपागुरी म्हणजे चापागेट्टी आणि नोगुरी या दोन कोरियन इन्स्टंट नूडल्सची मिसळ. इंग्रजी उपशीर्षकांमध्ये त्याचं ‘रॅम-डॉन’ झालं, कारण मूळ शब्द परक्या प्रेक्षकाला कळला नसता. श्रीमंत घर म्हणून त्यात महागड्या बीफचे तुकडे पडतात. स्वस्त पाकीट आणि महाग मांस एकाच वाडग्यात, हाच त्या पदार्थाचा अर्थ आहे.

पाणी उकळण्यापूर्वीच मांसाचे दोन सेंटिमीटरचे तुकडे कोरडे पुसून, मोठ्या आचेवर सगळ्या बाजूंनी तांबूस करून बाजूला ठेवा. दोन्ही नूडल्स आणि सुक्या भाज्या चार-पाच मिनिटं उकळा. जेमतेम पाऊण कप पाणी ठेवून बाकीचं ओता. चापागेट्टीची पूड सगळी, नोगुरीची अर्धीच घाला, कारण दोन्ही पूर्ण घातल्या तर खारटपणा झेपत नाही. मिनिटभर ढवळा, तेलाची पुडी आणि मांस मिसळा. नोगुरीची चव समुद्री जिवांची आहे, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी मांस वगळलं तरी पाकिटावरचं साहित्य वाचूनच ठरवावं.

पायरी ५: लसूण-तेलाचा पास्ता

हाही ‘शेफ’मधलाच. दोघांसाठी २०० ग्रॅम स्पगेटी, लसणाच्या आठ पाकळ्यांचे पातळ काप, पाव कप ऑलिव्ह तेल, चिली फ्लेक्स, पार्सली, लिंबू, पार्मेझान चीज. पडद्यावर लसूण पटकन सोनेरी होतो. घरी तो थंड तेलात घालून मंद आचेवर ठेवा आणि तिथून हलू नका. कडा पिवळसर झाल्या की आच बंद करा, उरलेला रंग गरम तेलच आणतं. पास्ता पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधी काढून या तेलात घाला आणि त्याचंच पाणी डावभर घालून जोरात हलवा. पाण्यातल्या पिष्टामुळे तेल आणि पाणी एकजीव होऊन चकाकी येते. ती पडद्यावरची चकाकी जास्त तेलामुळे आलेली नाही.

पायरी ६: ‘रॅटाटुई’मधलं वर्तुळ

आता खरी कसोटी. २००७ च्या या अ‍ॅनिमेशनपटात रेमी उंदीर करतो तो पदार्थ पारंपरिक रॅटाटुई नाहीच. पारंपरिक प्रकारात भाज्यांच्या मोठ्या फोडी असतात. चित्रपटातली रचना अमेरिकी शेफ थॉमस केलर यांची, आणि तिचा आधार फ्रेंच शेफ मिशेल गेरार यांनी १९७६ मध्ये छापलेला ‘काँफी बियाल्दी’ हा पातळ कापांचा पदार्थ. पडद्यावर हे सगळं काही क्षणांत उरकतं. घरी अख्खी दुपार मोकळी ठेवा.

आधी तळाचा रस्सा. लाल, पिवळी, केशरी अशा प्रत्येक ढोबळी मिरचीचा अर्धा भाग कापलेली बाजू खाली ठेवून २३० अंश सेल्सिअसला साधारण १५ मिनिटं भाजा. साल सुटली की सोलून बारीक चिरा. दोन मोठे चमचे तेलात एक चमचा लसूण आणि अर्धा कप कांदा अगदी मंद आचेवर आठ मिनिटं मऊ करा, रंग येऊ देऊ नका. सोलून बिया काढलेले तीन टोमॅटो, थाइमची काडी आणि तमालपत्र घालून दहा मिनिटं आटवा. मिरची आणि मीठ घाला. काडी आणि पान काढून एक मोठा चमचा रस्सा बाजूला ठेवा, बाकीचा २० सेंटिमीटरच्या ओव्हनमध्ये चालणाऱ्या भांड्यात पसरा.

मग काप. हिरवी झुकिनी, पिवळी झुकिनी, लांबट वांगं आणि टोमॅटो यांची जाडी जेमतेम दीड मिलिमीटर हवी, म्हणजे काप काढायची किसणी लागणारच. खरेदी करताना चारही भाज्या सारख्याच व्यासाच्या निवडा. माझ्या मते पडद्यावरची ती नक्षी निम्मी इथेच साधते. जाड वांगं आणलंत तर पुढे कितीही जपून मांडलं तरी वर्तुळ वेडंवाकडंच दिसतं. रंग आलटून-पालटून, प्रत्येक कापाची सहा मिलिमीटर कड दिसेल असे एकावर एक रचत गोल भरत जा. वर तेल, लसूण, थाइम, मीठ आणि मिरपूड.

चित्रपटात रेमी भांड्यावर कागद कापून ठेवतो. ते क्षणभराचं दृश्य सोडू नका, कारण कापलेले दोन तास त्या कागदाखाली आहेत. बेकिंग पेपर किंवा फॉइलने भांडं घट्ट झाका आणि १३५ अंशांवर दोन तास ठेवा. भाज्या स्वतःच्याच वाफेत शिजतात आणि तितके पातळ असूनही काप फाटत नाहीत. ओव्हन वाढवून हे तासाभरात उरकायचा मोह होतो. तसं केलं की कडा सुकतात आणि मधलं वांगं चिवट राहतं. दोन तासांनी सुरीचं टोक सहज आत गेलं की झाकण काढून आणखी ३० मिनिटं.

बाजूला ठेवलेल्या रश्श्यात एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल आणि चमचाभर बाल्सामिक व्हिनेगर मिसळा. ताटलीत आधी कापांचा छोटा बुरूज उभा करा, त्यावर पंख्यासारखे काप पसरा आणि भोवती हे मिश्रण ओढा. बुरूज पहिल्या ताटलीत कलला तर दुसरीसाठी उथळ, गोल साचा वापरा. उरलेलं भांडं झाकून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी १७५ अंशांवर गरम केलं की रस आणखी मुरलेला असतो, आणि मला तर ते त्याच दिवशी जास्त आवडतं.